एका भिंतीचे तीन रंग: दिवाणखान्याच्या रंगकामाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक जुनी सोसायटी, दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. घरात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नाती. थोरल्या नातीचा साखरपुडा ठरला होता. कार्यक्रम कार्यालयात असला तरी पाहुण्यांची उठबस घरीच होणार, म्हणून निदान हॉल तरी रंगवून घ्यावा असं ठरलं. (ओळख पटू नये म्हणून घराचे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत.)

हॉलची रचना इथे महत्त्वाची आहे. मोठी खिडकी आणि बाल्कनी उत्तरेला. पूर्वेकडे शेजारची इमारत इतकी जवळ की तिथून ऊन येतच नाही. खाली मोझॅकची फरशी. दिवाण, शोकेस आणि दोन खुर्च्या सगळं सागवानी, आजोबांच्या काळातलं आणि नुकतंच पॉलिश करून घेतलेलं, त्यामुळे चांगलं नारिंगी-तपकिरी झळकणारं. भिंतींना वर्षानुवर्षं क्रीम रंग. छताजवळ दोन एलईडी ट्यूब, त्याही पांढऱ्याशुभ्र प्रकाशाच्या.

सूनबाईंना करडा रंग हवा होता. मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी तो पाहिला होता. त्या स्वतः नोकरीच्या गडबडीत, म्हणून एका संध्याकाळी त्यांचे यजमान रंगाच्या दुकानात गेले. शेड कार्डावरच्या शेजारशेजारच्या दोन करड्यांचा फोटो त्यांनी बायकोला पाठवला. उत्तर आलं, "मला दोन्ही सारखेच दिसतायत, तुम्हीच ठरवा." त्यांनी ठरवलं. मशिनवर शेड तयार झाली आणि २० लिटरची बादली घरी आली. अशी मिसळून दिलेली शेड दुकानदार परत घेत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आठवतं मात्र बादली उघडल्यावरच.

अडचण

पहिला हात झाला तेव्हाच सूनबाईंना शंका आली. रंगारी म्हणाला, "वहिनी, अजून ओला आहे, वाळला की बसेल." रंगकामात हे वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय आणि चुन्याच्या काळात ते खरंही होतं, कारण चुना वाळला की पांढरा होतो. इमल्शनचं, म्हणजे आजच्या पाण्यात मिसळायच्या रंगाचं, उलट आहे. ओलं असताना ते दुधट दिसतं आणि वाळलं की सहसा एखादी छटा गडदच होतं. झाक कमी होईल या आशेवर दुसरा हात मारला आणि झाक पक्की झाली.

संध्याकाळी दिवे लागले आणि वाद सुरू झाला. सून म्हणाली, भिंत जांभळी झाली आहे. मुलगा म्हणाला, कार्डावर होता तोच करडा आहे, जांभळं कुठे दिसतंय ते दाखव. आजी म्हणाल्या, "निळं केलंत की रे घर. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." त्याच आजी दुसऱ्या दिवशी खुर्चीत कुशीवर टेकून बसल्या असताना म्हणाल्या, "इतका काही वाईट नाही." त्यामुळे त्यांचं मत कुणी फारसं मनावर घेतलं नाही, वयाप्रमाणे बोलतात, असं समजून सोडून दिलं.

मग संशय दुकानदारावर गेला. मुलगा बादली घेऊन भांडायला निघायच्या बेतात असताना सूनबाईंनी मला फोन केला. मी घरांसाठी रंग आणि प्रकाशाचा सल्ला देण्याचं काम करते. त्यांची मागणी साधी होती: "एक चांगला रंग सांगा, तोच मारून टाकू." साखरपुड्याला तीन आठवडे होते.

रंग सांगण्याआधी

अशा वेळी लगेच नवा रंग सुचवला तर पहिल्या खेपेला जे घडलं तेच पुन्हा घडतं. घरातल्या रंगाच्या भांडणाला सगळे आवडीनिवडीचं भांडण समजतात. पण इथे तिघं आपापली आवड सांगत नव्हते. तिघं भिंत कोणत्या रंगाची आहे तेच वेगवेगळं सांगत होते. म्हणून आधी ते सोडवायला घेतलं.

पहिला प्रश्न: दुकानाने दिलेली शेड बरोबर आहे का? बादलीच्या झाकणावर वाळलेला रंग आणि कार्डावरचा चौकोन भरदुपारी खिडकीपाशी शेजारी धरला. तंतोतंत जुळला. दुकानदार सुटला. ही तपासणी पाच मिनिटांची असते आणि भांडायला जाण्याआधी करायची असते.

दुसरा प्रश्न: या करड्यात मुळात काय आहे? करडा एकटा पाहिला की करडाच दिसतो. त्याची झाक कळते ती दुसरे करडे शेजारी ठेवल्यावर. भिंतीवर एक कोरा पांढरा कागद आणि कार्डातले आणखी काही करडे चिकटवले. एक हिरवटाकडे झुकलेला, एक मातकट, एक निळसर. त्यांच्या रांगेत भिंतीचा रंग स्पष्ट जांभळट दिसला. म्हणजे सूनबाई बरोबर होत्या. फोनवर त्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच जुळवून घेतो आणि दुकानातल्या ट्यूबखाली काढलेल्या फोटोत एवढी बारीक झाक पुसली जाते.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, पण त्यातला अर्धा काळ ढगांतच जातो. रात्री हॉलमध्ये ६५०० केल्विनच्या ट्यूब. जुना तारेचा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास पिवळा उजेड द्यायचा; आकडा जितका चढा, तितका उजेड निळ्याकडे झुकतो. म्हणजे या भिंतीला दिवसा आकाशाचं निळं आणि रात्री ट्यूबचं निळं. तिला उबदार दिसायची संधीच नव्हती.

चौथी गोष्ट मला सर्वांत रोचक वाटली, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणी तिला दोषी धरलं नव्हतं: आजोबांचं सागवान. पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात १९व्या शतकात मिशेल शेव्रल हा रसायनतज्ज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर धाग्यात खोट नव्हती, शेजारचे रंग तो फिका पाडत होते. त्यावर त्याने १८३९मध्ये ग्रंथच लिहिला. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. नारिंगीच्या विरुद्ध निळा. झळकत्या नारिंगी सागवानामागे करडी भिंत आली की ती निळी-जांभळी दिसणारच. मी दिवाणावर आणि शोकेसवर पांढऱ्या चादरी टाकायला सांगितल्या. मागची भिंत तिथल्या तिथे शांत झाली. चादर काढली, झाक परत. धाकट्या नातीने हा प्रयोग शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा करून दाखवला.

डोळ्यांकडे

आजींचं मत दिवसातून दोनदा बदलतं, ही गोष्ट मात्र अजून सुटली नव्हती. बोलता बोलता कळलं की काही महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डावा बाकी होता. मी म्हटलं, "आजी, एकेक डोळा झाकून भिंत बघता का?" उजव्या डोळ्याने त्या म्हणाल्या, निळं. डाव्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर चहा सांडल्यासारखं दिसतंय."

वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. हे इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग जाऊन कृत्रिम भिंग बसतं आणि अडलेला निळा एकदम आत येतो. हळूहळू मेंदू त्याला सरावतो; पण एकच डोळा झालेला असला की तुलना डोक्यावर घेऊनच माणूस वावरतो. चित्रकार क्लोद मोने याचं १९२३मध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सगळं फार निळं दिसतं अशी त्याचीही कुरकुर होती. आजी खुर्चीत ज्या कुशीवर टेकत, त्यावर कोणता डोळा भिंतीकडे राहील ते ठरत होतं. त्यांचं मत लहरी नव्हतं. दोन डोळ्यांची दोन मतं त्या प्रामाणिकपणे सांगत होत्या.

राहिला मुलगा. सात करड्यांची कार्डं टेबलावर पसरली आणि प्रत्येकाला सारखी वाटतील ती एकत्र ठेवायला सांगितली. सून आणि नातींच्या राशी जवळपास एकच झाल्या. मुलाने जांभळट करडा आणि हिरवट करडा एकाच राशीत ठेवले, आणि तेही शांतपणे, जराही न अडखळता. सगळे गप्प झाले. मग आजी म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावाला झाडावरची पिकलेली मिरची दिसायची नाही. आम्ही हसायचो." लाल-हिरव्यातला फरक कमी कळण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. म्हणून तो आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण साधारण ८ टक्के आहे. सौम्य असला तर माणूस पन्नाशीपर्यंत काहीही न कळता जगू शकतो. अशांना करडा, फिका जांभळट-गुलाबी आणि फिका निळसर-हिरवा यांत गोंधळ होतो. दुकानातल्या दोन शेड त्यांना खरोखरच सारख्या दिसल्या होत्या.

कार्डांच्या खेळावरून निदान करायचं नसतं, तसं मी सांगितलं. त्यांनी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन ठिपक्यांच्या अंकांची इशिहारा चाचणी केली. सौम्य दोष निघाला. घरी येऊन म्हणाले, "म्हणजे लग्नाआधी मी हिला नेलेली साडी..." सूनबाई म्हणाल्या, "ती अजून कपाटात आहे."

पर्याय

पहिला पर्याय पुन्हा क्रीमचा. सर्वांत सुरक्षित, आजींना पसंत. सूनबाईंना बिलकूल नको होता. "लग्न होऊन आल्यापासून क्रीमच बघतेय," हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. घरात सर्वांत जास्त वावरणाऱ्या माणसाची आवड हा मुद्दा 'सुरक्षित'पेक्षा हलका नसतो.

दुसरा, भिंती तशाच ठेवून फक्त दिवे बदलायचे. सर्वांत स्वस्त. पण दिव्यांनी रात्र सुधारते, दिवस नाही. शिवाय अगदी पिवळ्या दिव्याखाली जांभळट करडा उबदार होत नाही, मळकट होतो.

तिसरा, पिवळसर मातीची झाक असलेला दुसरा करडा चारही भिंतींना. यात सागवानाचा प्रश्न सुटत होता, पण आजींचा एक आक्षेप उरत होता. त्या म्हणाल्या होत्या, "राखेचा रंग शुभकार्याला कशाला?" हा डोळ्यांचा प्रश्न नव्हता. हा मनातल्या अर्थाचा होता आणि त्याला केल्विनमध्ये उत्तर नसतं. मी तो पर्यायांच्या कागदावर वेगळा लिहिला, नाहीतर चर्चेत तो 'निळं दिसतं' यात मिसळून हरवला असता.

चौथा, आधी दिवे, मग नमुने, मग करड्यातलं किती ठेवायचं ते ठरवणं. वेळ जास्त लागणार होता. रंगाऱ्याला दुसरं काम धरायचं होतं आणि त्याला थांबवून ठेवणं सोपं नव्हतं. तरी हाच निवडला. मला विचाराल तर यात मोठा वाटा चादरीच्या प्रयोगाचा होता. तो पाहिल्यावर घाईने रंग निवडायची कुणाचीच तयारी राहिली नाही.

काय केलं

ट्यूब काढून ४००० केल्विनच्या घेतल्या. त्या घेताना खोक्यावर रंगदर्शनाचा निर्देशांक (सीआरआय), म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर असल्याचं पाहिलं; साधे दिवे बहुधा ८०च्या आसपास असतात आणि त्यांखाली विशेषतः लाल रंग मेलेला दिसतो. सूनबाईंना ३००० केल्विनचा मंद पिवळा उजेड हवा होता. पण आजी संध्याकाळी हॉलमध्येच तांदूळ निवडतात, पोथी वाचतात. उतारवयात डोळ्याला उजेड जास्त लागतो. शेवटी छताला ४०००, आणि दिवाणाशेजारी एक वेगळा ३०००चा दिवा, ज्याला हवा त्याने लावावा, अशी तडजोड झाली.

मग दोन फुटी हार्डबोर्डांवर प्रायमर आणि दोन हात देऊन तीन नमुने तयार केले: मोतिया, वाळूसारखा आणि पिवळसर करडा. भिंतीवर थेट पट्टे मारले नाहीत, कारण जांभळट भिंतीवर मारलेला कुठलाही पट्टा खरा असतो त्याहून पिवळा दिसला असता. बोर्ड हलवता येतात. दिवाणामागे, खिडकीशेजारी, आजींच्या खुर्चीसमोर, जिथे निर्णय व्हायचा तिथे ते उभे केले. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचा रंग सगळ्यांना दिसायला लागतो.

मुलगा यातून अंग काढून घेत होता. त्यांना वेगळं काम दिलं: रंग बघू नका, कोणता उजळ आणि कोणता गडद एवढंच सांगा. त्यात ते पक्के निघाले. पिवळसर करडा फरशीइतकाच गडद आहे, त्यामुळे भिंत आणि जमीन एकजीव होऊन खोली बुटकी वाटेल, हे त्यांनीच दाखवलं. आम्हा बाकीच्यांचं लक्ष झाकेतच अडकलं होतं.

दिवाणाच्या आणि शोकेसच्या भिंतींसह तीन भिंतींना वाळूचा रंग ठरला. चौथी, टीव्हीची भिंत, सागवानापासून लांब. तिथे जांभळट करडा ठेवावा का, यावर सगळ्यांत मोठी चर्चा झाली. ती तशीच ठेवली असती तर राहून गेलेली भिंत वाटली असती. सूनबाई मोहरी रंगाच्या उशांचे अभ्रे घेऊन आल्या होत्या. एक त्या भिंतीसमोर धरला आणि भिंत एकदम ठरवून केल्यासारखी दिसली. सागवान जे नको तिथे करत होतं, तेच मोहरी रंग हवं तिथे करत होता: पिवळ्याशेजारी जांभळं उठून आलं. आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "वांगी रंगाच्या लुगड्याला हळदी काठ. माझ्या आईचं होतं असं." राखेचा विषय त्यानंतर निघाला नाही. तो सुटला की आजींनी सोडून दिला, हे मी विचारलं नाही.

निष्पत्ती

साखरपुड्याआधी काम पुरं झालं. दुसऱ्यांदा रंग घ्यावा लागला, मजुरी दुसऱ्यांदा गेली. उरलेला करडा टीव्हीच्या भिंतीच्या डागडुजीसाठी ठेवला आहे. रात्री हॉल छान दिसतो. पावसाळ्यातल्या दिवसा तो अजूनही थोडा थंडच असतो. उत्तरेची खिडकी रंगाने बदलत नाही. सूनबाईंना वाळूचा रंग कधी कधी "जरा फिकाच" वाटतो. त्यांना मनातून आणखी ठळक काही हवं होतं आणि ते या तडजोडीत बसलं नाही, हे खरं आहे.

मुलगा आता कपडे घेताना मुलींना विचारतो. हॉलसाठी तपकिरी समजून त्यांनी ऑनलाइन पसंत केलेले पडदे शेवाळी होते, ते धाकटीने वेळीच पाहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त थांबा पहिल्या हातानंतर होता. शंका आली होती, भिंत समोर होती, बादली अर्धी भरलेली होती. रंगाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबवून वाळलेली भिंत दिवसा आणि रात्री पाहिली असती, तर निदान अर्धा रंग आणि एका हाताची मजुरी वाचली असती. रंगारी घाई करतो कारण त्याचे पैसे कामावर असतात. थांबायचं घरच्यांनीच म्हणायला हवं.

त्याआधी, दुकानात जाताना दिवाणाचा एखादा सुटा भाग, निदान शोकेसचा खण, सोबत न्यायला हवा होता. ज्याच्या शेजारी रंग बसणार, त्याच्याशिवाय निवडलेला रंग अर्धाच निवडलेला असतो. २० लिटरऐवजी १ लिटरचा डबा आधी घेता आला असता. आणि दिवे रंगाच्या आधी बदलायचे असतात. जवळपास प्रत्येक घरात हा क्रम उलटा होतो, कारण दिवे इलेक्ट्रिशियनच्या कामात धरले जातात.

माझ्या पद्धतीत या प्रकरणानंतर एक बदल झाला. घर पाहायला गेल्यावर बजेटच्या आधी मी विचारते, घरात कुणाचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय का, आणि खरेदीला कोण जाणार आहे? दुसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो.

आजींची बेडरूम रंगवायची अजून राहिली आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे आणि डॉक्टर पारदर्शक भिंग बसवणार की किंचित पिवळसर, यावरही त्यांना पुढे काय दिसेल ते थोडंफार अवलंबून आहे. सूनबाईंनी रंगाऱ्याला संक्रांतीनंतरची तारीख दिली आहे.